कुरणातील मैफल
इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात, पिल्टन गावानजीक, ज्या वर्दी फार्मच्या कुरणांत एरवी दुभत्या गाई चरतात, तेथे १९७० साली मायकेल ईव्हिस या दुग्धव्यवसायी शेतकऱ्याने १ पौंड प्रवेशमूल्य घेऊन, वर शेतावरचे दूध मोफत देऊन, जो संगीतमेळा भरविला, त्याचाच आज ग्लास्टनबरीचा जगद्विख्यात उत्सव झाला आहे. जूनमधील दीर्घ दिवशी चिखलाने माखलेले गमबूट ओढीत एका रंगमंचाकडून दुसऱ्याकडे जावे, तो एका वाद्यवृंदाचे ड्रम विरतात न विरतात तोच दुसऱ्याची गिटार कानी पडते; आणि वादकाच्या कपाळावरचा घाम प्रत्यक्ष दिसला म्हणजे ध्वनिमुद्रिकेत काय हरवते ते उमगते. काही वर्षांनी एकदा, गवताला विसावा मिळावा म्हणून, हा उत्सव मुद्दाम तहकूब ठेवतात. भूमीविषयीची ही कृतज्ञता आम्हांस संगीताइतकीच मोलाची वाटते. वाचकांनी या उन्हाळ्यात एक तरी मैफल समक्ष ऐकावी, ही विनंती.