‘घेत नाही हो!’ आणि रक्त पातळ करणारी गोळी

या वीकेंडचा विषय जरा कडू आहे. पण आषाढ संपत आलाय, गटारीचे बेत व्हॉट्सअ‍ॅपवर शिजायला लागलेत, त्यामुळे लिहायचं तर आत्ताच लिहायला हवं. श्रावणात लिहून काय उपयोग?

विषय आहे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि दारू.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तिशी-पस्तिशीतली माणसं, हे सगळं आमच्या बाबांच्या पिढीचं दुखणं. तर एक म्हणजे, बाबा तुमचेच आहेत. आणि दुसरं, माझ्या टीममधल्या एका चौतीस वर्षांच्या मुलाला लांबच्या विमान प्रवासानंतर पायाच्या शिरेत गुठळी झाली आणि गेले काही महिने तो रोज दोन गोळ्या घेतोय. २०२१च्या कोविडच्या लाटेनंतर तर घरी सोडताना ही गोळी हातात पडलेले कितीतरी जण आपल्याच ओळखीत निघतील. तेव्हा विषय दूरचा नाही.

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. कोड लिहून पोट भरतो. कुणी कुठली गोळी किती घ्यावी ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी सांगावं. माझं म्हणणं एवढंच आहे की "दारू टाळा" हे दोन शब्द म्हणजे सूचना नव्हे. आणि आपल्याकडे ते जसे सांगितले जातात आणि जसे ऐकले जातात, त्यात माणसं मरू शकतात.

मुळात या गोळीने रक्त पातळ होतच नाही! रक्त तेवढंच दाट राहतं, फक्त गुठळी व्हायला वेळ लागतो. वॉरफरिन किंवा आपल्याकडे जास्त चालणारी अ‍ॅसिट्रॉम या जुन्या जातीच्या गोळ्या. रक्त गोठवणारे काही घटक आपलं लिव्हर तयार करतं आणि त्यासाठी त्याला ‘के’ जीवनसत्त्व लागतं. वापरून झालेलं ‘के’ शरीर पुन्हा वापरात आणतं. ही गोळी नेमकं तेच रिसायकलिंग अडवते. एवढीच गंमत.

वॉरफरिनची जन्मकथाही मजेशीर आहे. १९२०च्या दशकात कॅनडात आणि उत्तर अमेरिकेत गुरं रक्तस्राव होऊन मरायला लागली. कारण निघालं बुरशी लागलेला गवती चारा. १९३३च्या फेब्रुवारीत एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली गाय आणि न गोठलेल्या रक्ताचं कॅन घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या दारात जाऊन उभा राहिला. त्यातून पुढे जे औषध निघालं ते १९४८मध्ये आधी उंदीर मारायला बाजारात आलं, आणि १९५४मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. उंदीर ज्याने मरतो त्यानेच माणूस जगतो, फरक फक्त मात्रेचा. हा लेख खरं तर त्या मात्रेबद्दलच आहे.

ती मात्रा बरोबर आहे की नाही हे कळायला आयएनआर नावाची रक्ताची तपासणी असते. गोळी न घेणाऱ्याचा आयएनआर १च्या आसपास. गोळीवाल्यांचा बहुतेक वेळा २ ते ३ मध्ये ठेवतात, काही कृत्रिम व्हॉल्व्हना थोडा वर. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. आमच्या भाषेत सांगायचं तर हा फीडबॅक लूप आहे: मोजा, डोस हलवा, पुन्हा मोजा. आणि कुठल्याही फीडबॅक लूपला चुकीचं इनपुट दिलं की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

दारू म्हणजे असं एक इनपुट, आणि ते दोन्ही बाजूंनी काम करतं. एका बैठकीत भरपूर ढोसली तर लिव्हर दारूच्या मागे लागतं, गोळी निकाली काढायचं काम मागे पडतं, गोळीचा असर वाढतो आणि आयएनआर वर जातो. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याच्या लिव्हरमधली ती यंत्रणा उलट जास्त जोरात चालायला लागते. गोळी लवकर संपते, आयएनआर खाली येतो, डॉक्टर डोस वाढवतात. मग श्रावण लागतो. साहेब एका दिवसात ‘बंद’ करतात. यंत्रणा हळूहळू मूळ वेगावर येते, डोस मात्र वाढवलेलाच! आणि लिव्हर खराब व्हायला लागलं असेल तर रक्त गोठवणारे घटकच कमी बनतात, म्हणजे तिसरीच भानगड.

आपलं कॅलेंडर बघा. अमावस्येला टाकी फुल्ल, दुसऱ्या दिवसापासून महिनाभर कडकडीत बंद, वर मटण सोडून पालेभाज्या आणि रानभाज्यांचा मारा. पालक, मेथी, कोबीत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर, म्हणजे गोळीच्या विरुद्ध जोर. पालेभाज्या वाईट नाहीत हो, बंदही करू नका. रोज साधारण तेवढीच खा, एवढंच. पण आधी महिनाभर शून्य आणि मग रोज दोन वेळा पाला, असं केलं तर आयएनआर हलणारच. गटारी ते श्रावण हा या गोळीवर असलेल्या माणसाचा वर्षातला सगळ्यात धोक्याचा पंधरवडा असावा, असं मला वाटतं.

"आम्ही नव्या गोळीवर आहोत, आम्हाला आयएनआर नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी: डॅबिगाट्रान, रिव्हारोक्सबान, अपिक्सबान या २००८पासून यायला लागलेल्या गोळ्यांना ती तपासणी लागत नाही, खाण्याचं पथ्यही फारसं नाही. पण दारू पोटाच्या अस्तराला ओरबाडते, प्लेटलेट्सचं काम बिघडवते आणि तोल घालवते. या तिन्ही गोष्टी गोळी जुनी की नवी ते विचारत नाहीत. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या स्टेंटवाल्यांच्या गोळ्यांचंही तेच. त्यात दुसऱ्या दिवशी डोकं धरलं म्हणून ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतली तर पोटातून रक्त जायची पूर्ण तयारी झाली.

तोल जाण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ते मी जवळून पाहिलंय.

माझे एक मामा आहेत, कोल्हापूरकडचे. लहानपणी र्‍हुमॅटिक ताप आला, त्यात हृदयाची झडप गेली, चाळिशीत धातूची बसवली. तेव्हापासून गोळी चालू. मामा रोजचे नाहीत, पण गटारी म्हणजे गटारी. काही वर्षांपूर्वी रात्री बाथरूममध्ये पाय घसरला, डोकं नळाला लागलं. टेंगूळसुद्धा धड नाही. दोन दिवस ठीक. तिसऱ्या दिवशी बोलणं अडखळायला लागलं, मग झोपच उतरेना. मेंदू आणि कवटीच्या मध्ये रक्त हळूहळू साठत होतं. आयएनआर सातच्या वर.

इमर्जन्सीतल्या पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दारू घेतात का?" मामी पटकन म्हणाल्या, "छे, घेत नाही हो!" शेजारी मोठे दीर उभे, दाराशी सुनबाई. मामी दुसरं काय म्हणणार होत्या? मग त्या बाई बिचाऱ्या, कुठली अँटिबायोटिक घेतली का, कुणी काढा दिला का, गोळी दुप्पट घेतली का, हे विचारत बसल्या. त्यांचंही बरोबरच. काही अँटिबायोटिक्सनी आयएनआर असाच उडतो, मेट्रोनिडॅझोलचं तर नावच आहे त्यासाठी. शेवटी मामेभावाने त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठून खरं सांगितलं. ऑपरेशन झालं, मामा वाचले. डावा हात अजून पूर्वीसारखा चालत नाही.

आता यात चूक कुणाची? मामांची आहेच. पण मला विचाराल तर सगळ्यात मोठा दोष आहे तो प्रश्नाचा.

"दारू घेता का?" हा प्रश्न आपल्याकडे वैद्यकीय नाहीच, तो चारित्र्याचा आहे. त्याचं उत्तर बायको, आई, सासरे यांच्यासमोर एकच असू शकतं. ओपीडीत प्रत्येक पेशंटमागे दोन नातेवाईक आणि दारात पुढचा नंबर डोकावतोय, अशा वेळी खरं उत्तर मिळेल ही अपेक्षाच भाबडी. मग कागदावर ‘नाही’ लिहिलं जातं, आणि त्या ‘नाही’वर डोस ठरतो. गार्बेज इन, गार्बेज आउट.

प्रश्न असा हवा: "आठवड्यात किती वेळा, आणि एका वेळी किती?" आणि तो एकट्याला विचारलेला हवा. रक्तस्रावाचा धोका मोजायला डॉक्टर लोक हॅस-ब्लेड नावाची एक गुणपत्रिका वापरतात, २०१०ची. त्यात आठवड्याला आठ किंवा जास्त ड्रिंक्स घेणाऱ्याला एक गुण जास्त. म्हणजे शास्त्राला आकडा हवाय, आपण मात्र संस्कार सांगतोय.

आकड्यावरून आठवलं. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांनी जरा हिशेब करावा. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलीचा पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. ७ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे जवळजवळ ३६ ग्रॅम. म्हणजे एक बाटली म्हणजे साडेतीन पेग. ‘फक्त’ काय फक्त? :-)

यावर नेहमीचा आक्षेप येतो: आकडा विचारला की लोकांना वाटतं थोडी चालते, मग ते थोडीची जास्त करतात. त्यापेक्षा सरळ ‘टाळा’ म्हणावं. आक्षेप अगदीच चुकीचा नाही. काहींनी एक थेंबही घेऊ नये हेच खरं: लिव्हर बिघडलेलं, आधी पोटातून रक्त गेलेलं, आयएनआर सतत वरखाली होणारा, किंवा एकावर थांबता न येणारा माणूस. ज्यांची गोळी हृदयाचे ठोके अनियमित होतात म्हणून चालू आहे, त्यांनी तर आणखी एक लक्षात ठेवावं. दारूने ते ठोके स्वतःच बिघडतात. अमेरिकेत १९७८मध्येच डॉक्टरांनी याला ‘हॉलिडे हार्ट’ असं नाव दिलं होतं. २०२०मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत नियमित पिणाऱ्या अशा रुग्णांनी दारू सोडल्यावर त्यांचा त्रास पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण कमी झालं. म्हणजे ज्या रोगासाठी गोळी, त्यालाच खतपाणी.

पण बाकीच्यांचं काय? लिव्हर धड असलेल्या, आयएनआर स्थिर असलेल्या माणसाने क्वचित एखादा पेग घेतल्याने फारसं बिघडत नाही, हे डॉक्टरांनाही माहीत असतं. ते मोकळेपणाने न सांगता नुसतं ‘टाळा’ म्हटलं, की माणूस स्वतःचं डोकं चालवतो. आणि त्यातून येतो सगळ्यात घातक देशी जुगाड: "आज पार्टी आहे ना, मग आज गोळी नको. दोन्ही एकत्र नको."

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, एका नाही, तीन सुशिक्षित माणसांकडून. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! पण नव्या गोळ्यांचा असर साधारण एका दिवसात ओसरतो. गोळी चुकवली की संरक्षण गेलं. धातूच्या झडपेवर गुठळी झाली तर झडप अडकते, ती गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात. दारूसाठी गोळी सोडणं म्हणजे वाहतूक जास्त आहे म्हणून ब्रेक काढून ठेवणं. टीममधल्या त्या मुलालाही मी हेच सांगितलं: एकच सोडायचं असेल तर ग्लास सोड.

‘टाळा’ या शब्दाने नेमका हाच घोटाळा होतो. काय टाळायचं ते पेशंट स्वतः ठरवतो.

म्हणून मला वाटतं, गोळी सुरू करताना एक पान मराठीत, मोठ्या अक्षरात छापून हातात द्यावं. त्यावर चारच गोष्टी. एक: गोळी कधीही स्वतःहून चुकवू नका, दारूसाठी तर नाहीच. दोन: पीत असाल तर किती ते खरं सांगा, आणि एकदम सुरू किंवा एकदम बंद करणार असाल तर आधी कळवा. रोज भरपूर पिणाऱ्याला तर एकदम बंद केल्याचाच वेगळा धोका असतो. तीन: काळी शी, लाल लघवी, न थांबणारं नाकातलं किंवा हिरड्यांतलं रक्त, पाळीत एकदम वाढलेला रक्तस्राव दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चार: डोक्याला मार लागला तर टेंगूळ असो-नसो, उतरली असो-नसो, ताबडतोब हॉस्पिटल. सकाळी बघू नाही.

पान छापायला किती खर्च येतो? आयएनआरच्या एका तपासणीपेक्षा खचितच कमी.

पण सगळं डॉक्टरांवर ढकलूनही चालणार नाही. घरातला जो माणूस आई-बाबांच्या फाइली सांभाळतो, तो बहुधा आपल्याच वयाचा असतो, आणि या बाबतीत त्यालाच खरं माहीत असतं. तेव्हा बाबांना एकटं गाठा, न चिडता आकडा विचारा, आणि तो फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. गोळीचं नाव, डोस, शेवटचा आयएनआर, आणि हा आकडा. बाबा रागावतील. रागावू देत.

अमावस्येला अजून आठ-दहा दिवस आहेत. तेवढे पुरे आहेत.