टिप्पणीत न आलेले

सरकारी फाइलीला दोन अंगे असतात. एकीकडे मूळ अर्ज आणि पत्रे, दुसरीकडे त्यांवरची टिप्पणी. वरच्या साहेबांना सवड नसते. ते टिप्पणी वाचून सही करतात. सही साहेबांची असली, तरी काय लिहायचे आणि काय गाळायचे हे खाली ठरते, तिथेच अर्धा निर्णय झालेला असतो.

म्हणून तर २००६ साली टिप्पण्यांवरून एवढा वाद झाला. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात मते आणि सल्ले हीसुद्धा ‘माहिती’च आहे. बहुतेक टिप्पण्या त्यातून वगळण्याची दुरुस्ती केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर करताच अण्णा हजारे ऑगस्टमध्ये आळंदीला उपोषणास बसले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. टिप्पणी उघड झाली तर कुणी मोकळेपणाने लिहिणार नाही, हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हे. पण आपले लिखाण चारचौघे वाचतील हे ठाऊक असले की हात जसा आखडतो, तसा सावरतोही.

गाळणारा दरवेळी लबाडच असतो असेही नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ यान कोसळले व सात अंतराळवीर गेले. रॉकेटच्या सांध्यांतील रबरी कडी थंडीत टिकतील का, यावर आदल्या रात्री चर्चा झाली होती. पण कड्यांना इजा झालेल्या सातच उड्डाणांकडे पाहिले गेले आणि त्यांत थंडीचा संबंध स्पष्ट दिसेना. बिनइजेची उड्डाणे कुणी मांडलीच नाहीत. त्यांत घडले काय होते? ती मांडली असती तर दिसले असते, की सुमारे १८ अंशांखालच्या चारही उड्डाणांत इजा होती, त्यावरच्या वीसांत फक्त तिघांत. त्या सकाळी तापमान २ अंशांच्या आसपास होते.

पालकहो, आपल्यासारख्या मराठी शाळांतही हेच चालते. पालकांची पत्रे वर्गशिक्षकांकडून मुख्याध्यापकांकडे जातात आणि समितीपुढे ‘किरकोळ तक्रारी’ एवढी एक ओळ येते. पट का घसरला, हे आपण विचारतो तेही शाळेत असलेल्या मुलांच्याच पालकांना. ते बिचारे चांगलेच सांगणार, म्हणून तर थांबलेत! दाखला नेलेल्यांना मात्र कुणी विचारत नाही. कन्नड माध्यम हवे होते, इंग्रजी हवे होते, की रिक्षाच परवडत नव्हती, हे त्यांनाच ठाऊक.

समितीच्या बैठकीत सारांशाबरोबर मूळ पत्रेही ठेवावीत. आणि या वर्षी ज्यांनी दाखले नेले, त्यांचे फोन नंबर कार्यालयात आहेतच.