प्रेम काय मालकांच्या बापाचं?

बिली ब्रॅग. लंडनच्या बार्किंगमधला, कामगारवस्तीतला पोरगा. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात गिटार घेऊन त्यांच्यासाठी गायला. संप मोडला. १९८७ ला थॅचरबाई तिसऱ्यांदा निवडून आल्या. १९८८ ला त्याची ‘वर्कर्स प्लेटाइम’ ही रेकॉर्ड निघाली. तीत बरीचशी प्रेमाची गाणी, सोबतीला पियानो. झालं! चाहत्यांत फाटाफूट. कुणी खूश, कुणी म्हणे भिडू मऊ पडला.

का रे बाबांनो? हरलेल्या माणसाला काळीज नसतं? दिवसभर ओझी वाहणाऱ्यानं रात्रीसुद्धा घोषणाच द्यायच्या?

त्याच रेकॉर्डच्या कव्हरवर त्यानं छापलं होतं : ४.९९ पौंडांच्या वर एक छदाम देऊ नका. दोस्तांनो, गायक तपासायचाय तर तो कुणाचा खिसा वाचवतो ते बघा.