सदर बाजारातील संगणकाचा मालक कोण?

रायपूरचा सदर बाजार हा जुन्या शहरातील सराफांचा बाजार. लाल कापडी बांधणीची लांबट वही, लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिची पूजा आणि गादीवर मांडी ठोकून बसलेला मुनीम हे तेथील व्यवहाराचे पिढ्यान्‌पिढ्यांचे चित्र होते. या वहीत सावकाराने गरिबाला किती बुडविले त्याचाही हिशेब असे, तेव्हा तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तथापि एक गोष्ट निर्विवाद होती : वही दुकानाची असे. मुनीम बदलला तरी ती जागच्या जागी राहत असे. कागद विकणाऱ्याने दहा वर्षांनी दुकानात येऊन ‘या वहीची मुदत संपली, आता नवी घ्या, आणि नवी वही तुमच्या जुन्या मेजावर मावणार नाही म्हणून मेजही बदला’ असे फर्माविल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते.

आज नेमके तेच घडले आहे. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. 2021 मध्ये हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षरांकांचा एचयूआयडी क्रमांक आला, आणि 1 एप्रिल 2023 पासून त्या क्रमांकाखेरीज हॉलमार्क दागिना विकण्यास मज्जाव झाला. संगणक ही आता हौसेची वस्तू राहिली नाही. कायद्यानेच तो दुकानात आणून बसविला. लहान सराफ, त्याचा गुमास्ता, हिशेब लिहिणारा अर्धवेळ कारकून यांच्यापैकी कोणालाही कोणता संगणक, कोणती कार्यप्रणाली असा प्रश्न विचारला गेला नाही. विंडोज आली, कारण बाजारात तीच होती. आणि 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज 10 या आवृत्तीस सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरविणे थांबविले. पैसे मोजून अथवा कंपनीकडे खाते उघडून वर्षभराची वाढीव मुदत मिळते, इतकेच. विंडोज 11 साठी ‘टीपीएम 2.0’ ही सुरक्षा-व्यवस्था व ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर हवा. 2016 साली घेतलेले, उत्तम चालणारे यंत्र या अटीत बसत नाही. या निर्णयामुळे जगभरात सुमारे 24 कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील, असा अंदाज कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने 2023 च्या डिसेंबरातच वर्तविला होता. यंत्र झिजलेले नाही, कामगाराचा हात थकलेला नाही. मालकी हक्काने सांगितले म्हणून उत्पादनाचे साधन निकामी ठरले. मार्क्सने यंत्राच्या ‘नैतिक झिजे’विषयी लिहिले, त्याचे इतके उघडेवाघडे उदाहरण शोधूनही सापडणार नाही. मार्क्सच्या काळी निदान अधिक चांगले यंत्र बाजारात आल्यामुळे जुने मोडीत निघत असे.

याला पर्याय आहे, आणि तो कालपरवाचा नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 च्या सप्टेंबरात मुक्त आज्ञावलींची ‘ग्नू’ योजना जाहीर केली. 1991 मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला. पण गाभा म्हणजे केवळ इंजिन. सामान्य माणसाला लागतो तो पडदा : खिडक्या, यादी, फाइलींचे कप्पे, बटणे. या पडद्याला डेस्कटॉप परिवेश म्हणतात. विंडोजमध्ये इंजिन आणि पडदा एकाच कारखान्याचे, एकमेकांना जखडलेले असतात. लिनक्समध्ये ते वेगळे आहेत. 1996 मध्ये जर्मनीतील मॅथियस एट्रिश यांनी केडीई सुरू केले. ते ज्या ‘क्यूटी’ साधनावर उभे होते त्याचा परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नव्हता. म्हणून 1997 च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोचे मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना यांनी ग्नोम हा दुसरा परिवेश हाती घेतला. या दबावाने 2000 साली क्यूटीही मुक्त परवान्याखाली आले. पुढे 2011 मध्ये ग्नोमने आपला पडदा मुळापासून बदलला आणि अनेक वापरणारे नाराज झाले. तेव्हा अर्जेंटिनातील एका वापरणाऱ्याने जुनाच परिवेश ‘माटे’ या नावाने पुढे चालविला. विंडोज 8 ने त्याच सुमारास ‘स्टार्ट’चे बटण काढून टाकले होते. तेथे नाराज झालेल्यांना कंपनीची मर्जी फिरेपर्यंत वाट पाहण्याखेरीज मार्ग नव्हता. दोन व्यवस्थांतील फरक एवढ्या एका प्रसंगात पुरता दिसतो. जुन्या, कमी स्मृतीच्या यंत्रांसाठी एक्सएफसीई व एलएक्सक्यूटी हे हलके परिवेश आहेत; ज्या यंत्रास विंडोज 11 दारात उभे करीत नाही, त्यावर ते सुखाने चालतात.

बिल गेट्स यांनी 2005 साली एका मुलाखतीत बौद्धिक संपदेच्या टीकाकारांना नव्या तऱ्हेचे कम्युनिस्ट म्हटले होते. हा गौरव म्हणून स्वीकारण्याचा मोह पक्षसभासदांना होईल. तो आवरलेला बरा. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांपैकी बहुसंख्य आज मोठ्या कंपन्यांचे पगारदार आहेत, रेड हॅट ही कंपनी 2019 मध्ये आयबीएमने 34 अब्ज डॉलरना विकत घेतली, आणि गूगलचे अँड्रॉइड याच गाभ्यावर उभे आहे. मुक्त आज्ञावली म्हणजे समाजवाद नव्हे. ती सामाईक कुरणासारखी आहे : गावाची गाय चरते, तशी जमीनदाराचीही चरते. परंतु कुरण सामाईक आहे तोवर गावाला चरण्याचा हक्क आहे. त्याला कुंपण पडले की तोही गेला.

छत्तीसगडच्या दृष्टीने या प्रश्नाचा सर्वात बोलका भाग भाषेचा आहे. 1900 साली माधवराव सप्रे या मराठीभाषकाने पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले; या मुलखात मराठी माणसाने दुसऱ्याच्या भाषेची सेवा करण्याची परंपरा जुनी आहे. 1 नोव्हेंबर 2000 रोजी राज्य झाले, 28 नोव्हेंबर 2007 रोजी विधानसभेने छत्तीसगढीस राजभाषेचा दर्जा देणारे विधेयक संमत केले. विंडोजने मराठी, हिंदी, कोकणी पडदे उपलब्ध केले. छत्तीसगढीचा मात्र कधीच केला नाही. बाजारपेठेच्या हिशेबात ती भाषा बसली नाही. केडीईत ती आली. मध्य प्रदेश विद्युत मंडळात अभियंता राहिलेले आणि ‘रवी रतलामी’ या नावाने हिंदी वाचकांस परिचित असलेले रविशंकर श्रीवास्तव यांनी दिल्लीच्या ‘सराय’ची शिष्यवृत्ती घेऊन हे भाषांतर पुढे नेले, आणि 2009 च्या जानेवारीत निघालेल्या केडीई 4.2 या आवृत्तीत छत्तीसगढी पडदा होता. कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही, कोणाला बाजारपेठ पटवून द्यावी लागली नाही. कोट्यवधींच्या भाषेला प्रथमच संगणकावर जागा मिळाली, ती एका माणसाच्या चिकाटीने.

एका माणसाच्या, येथेच दुखणे आहे. परिवेशाची आवृत्ती बदलली की शेकडो नवी वाक्ये भाषांतरित करावी लागतात. ते हात पुढे आले नाहीत आणि छत्तीसगढी पडदा मागे पडत गेला. मराठीची स्थिती बरी राहिली, कारण पुण्यातील रेड हॅटच्या कार्यालयात भाषांतर करणारी पगारी माणसे दीर्घकाळ होती. म्हणजे मुक्त जगातही श्रमाला वेतन कोण देतो यावरच भाषेचे भवितव्य ठरले. ज्या शासनाने राजभाषेचा उत्सव दरवर्षी करावयाचा, त्याने चार भाषांतरकार नेमले असते तर हे घडते ना.

शासनाने ठरविले तर काय होते ते केरळात दिसले. तेथील शालेय संगणक-शिक्षणात प्रारंभी मायक्रोसॉफ्टचाच बोलबाला होता. शिक्षकांच्या केएसटीए या संघटनेने त्यास विरोध केला, व्ही. एस. अच्युतानंदन यांनी प्रश्न उचलून धरला, आणि 2006 साली सत्तेवर आलेल्या डाव्या लोकशाही आघाडीने 2007 च्या माहिती-तंत्रज्ञान धोरणात मुक्त आज्ञावलीस अग्रक्रम दिला. शाळांतील सुमारे दोन लाख संगणकांवर परवाना-शुल्काचे तीन हजार कोटी रुपये वाचल्याचा दावा तेथील ‘काइट’ या शासकीय संस्थेने 2019 मध्ये केला. महाराष्ट्रात याच काळात एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला, शासकीय नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले, आणि लाखो तरुणांनी स्वतःच्या खिशातून शुल्क भरून शिकले ते मुख्यतः विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस. एका परदेशी कंपनीच्या मालाचे प्रशिक्षण बेकारांच्या पैशाने! सदर बाजारातील गुमास्त्याचेही तेच. त्याचे कौशल्य हिशेबाचे नव्हे, एका कंपनीच्या बटणांचे. ती बटणे हलली की तो पुन्हा अडाणी.

चोरीची प्रत वापरतो, पैसे कोठे देतो, असे उत्तर बाजारात सर्रास मिळते. त्याचे प्रत्युत्तर गेट्स यांनीच 1998 मध्ये चीनविषयी बोलताना देऊन ठेवले आहे : चोरायचेच असेल तर आमचेच चोरावे, सवय लागली की पुढे वसुली कशी करावयाची ते पाहू, अशा आशयाचे ते बोलणे होते.

अडचणी खोट्या नाहीत. बाजाराचा हिशेब ज्या टॅली आज्ञावलीवर चालतो ती विंडोजसाठीच बनते. जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने दशकभर खपून हजारो संगणक लिनक्सवर नेले आणि 2017 मध्ये राजकीय बहुमताने परत विंडोजचा रस्ता धरला. भारत सरकारने 2015 च्या मार्चमध्ये मुक्त आज्ञावली स्वीकारण्याचे धोरण काढले, सी-डॅकने ‘बॉस’ ही प्रणाली त्याआधीच घडविली होती. तरी कचेऱ्यांचे पडदे फारसे बदलले नाहीत. पण परावलंबनाची किंमत किती, हे 2025 च्या जुलैत दिसले. युरोपीय संघाने निर्बंध लादताच मायक्रोसॉफ्टने गुजरातमधील नायरा एनर्जीच्या सेवा रोखल्या. पत्रव्यवहार ठप्प झाला, कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. ना भारताचा कायदा मोडला होता, ना शुल्क थकले होते. नायरा हे रशियन भांडवलाचे मोठे घर, त्याच्यासाठी वकील उभे राहिले. नागरी रुग्णालयासाठी, वीज मंडळासाठी कोण उभे राहील?

श्रमिक चळवळीलाही स्वतःचा इतिहास नीट वाचावा लागेल. 1960 च्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी इलाको हाउसपाशी पहारा दिला, तो संगणक आत येऊ नये म्हणून. त्या लढ्याची आज टवाळी होते. ती करणारे विसरतात की प्रश्न यंत्राचा नव्हता, यंत्र कोणाच्या हाती हा होता. यंत्र आले, तो प्रश्न मात्र अनुत्तरितच मागे राहिला, आणि चळवळीने तो पुन्हा फारसा विचारला नाही. अनेक कामगार संघटनांच्या कचेऱ्यांत पत्रके आजही विंडोजवर, जुन्या परवानाबद्ध टंकांत जुळविली जातात. वीस वर्षांपूर्वीचे ठराव त्यामुळे नव्या यंत्रावर उघडले की निरर्थक चिन्हांचा खच दिसतो.

सदर बाजारातून आणि आसपासच्या कचेऱ्यांतून या वर्षी जे संगणक भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढत आहेत, त्यांतील बरेचसे धडधाकट आहेत. संघटनेच्या एखाद्या कचेरीने त्यांपैकी पाच घ्यावेत, त्यांवर हलका परिवेश बसवावा, दुकान-कामगारांच्या मुलांना संध्याकाळी शिकवावे. आणि त्यांतील जी मुले घरी छत्तीसगढी बोलतात, त्यांच्यापुढे अर्धवट राहिलेल्या भाषांतराच्या फाइली ठेवाव्यात. त्या कोणालाही घेता येतात.