नवे ग्राफिक्स कार्ड, जुना एसएमपीएस

सराफी पेढीवर दागिन्याचा आराखडा आता कागदाऐवजी संगणकावर होऊ लागला आहे. कापडाच्या व्यापारात मालाची छायाचित्रे आणि चित्रफिती घरच्या घरी तयार केल्या जातात. साहजिकच अनेक कुटुंबांत तरुण पिढीकडून नव्या ग्राफिक्स कार्डाची मागणी येते आणि ती बहुधा रास्त असते. घरातील वडीलधारी मंडळी कार्डाची किंमत विचारतात, दोन दुकानांत भाव काढतात, हमीचा कालावधी पाहतात. एक प्रश्न मात्र राहून जातो. या कार्डाला लागणारी वीज पुरवण्याचे सामर्थ्य जुन्या एसएमपीएसमध्ये आहे काय?

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. पुष्कळ ठिकाणी त्याच संगणकात हिशेबाच्या वह्या, जीएसटीची बिले आणि उधारीच्या याद्या असतात. वीजपुरवठा अपुरा पडला, तर काम ऐन रंगात असताना संगणक अचानक बंद पडतो आणि लिहिली जात असलेली फाइल बिघडू शकते. संरक्षणाची सोय नसलेला हलका एसएमपीएस जळताना मदरबोर्ड व डिस्क यांनाही सोबत नेऊ शकतो. कार्ड पुन्हा विकत घेता येते, परंतु वर्षाचा हिशेब विकत मिळत नाही.

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधील पंखा असलेली धातूची पेटी. भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्टच्या विजेचे रूपांतर ती १२, ५ व ३.३ व्होल्ट अशा निरनिराळ्या दाबांच्या विजेत करते. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर हे दोन मोठे ग्राहक मुख्यतः १२ व्होल्टच्या मार्गावरून वीज घेतात. म्हणून पेटीवर ठळक छापलेला एकूण वॅटचा आकडा पुरेसा नसतो. बँकेत कर्जप्रस्ताव तपासताना उलाढाल कितीही मोठी दिसली, तरी हप्ता भरण्यासाठी हाती किती रोकड उरते हेच पाहावे लागते. येथे ती रोकड म्हणजे १२ व्होल्टचा मार्ग होय.

एक उदाहरण घेऊ. इंटेलचा कोअर आय-५ १२४०० हा प्रोसेसर जास्तीत जास्त ११७ वॅट घेतो, तर एनव्हिडियाच्या जीफोर्स आरटीएक्स ३०६० कार्डाची गरज १७० वॅट आहे. दोहोंची बेरीज २८७ वॅट झाली. हिला १२ ने भागले, की सुमारे २४ अँपिअर येतात. आता समजा, कॅबिनेटसोबत आलेल्या पेटीवर '४५० वॅट' असे लिहिले आहे, पण लेबलावरील कोष्टकात १२ व्होल्टपुढे केवळ १८ अँपिअर आहेत. म्हणजे त्या मार्गाची क्षमता २१६ वॅट. एकूण आकडा भक्कम दिसत असूनही ही पेटी या कार्डासाठी निरुपयोगी ठरते. लेबलावर १२ व्होल्टचे दोन मार्ग वेगवेगळे दाखवले असतील, तर त्यांच्या अँपिअरची सरळ बेरीज करू नये. दोहोंची मिळून कमाल मर्यादा वॅटमध्ये दिलेली असते, ती ग्राह्य धरावी.

मदरबोर्ड, मेमरी, डिस्क आणि पंखे यांच्यासाठी आणखी ५०-६० वॅट धरले, तर उदाहरणातील संगणकाची एकूण गरज सुमारे ३४५ वॅट होते. तथापि या कार्डासाठी कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. ही विक्रेत्याची अतिशयोक्ती समजू नये. ग्राफिक्स कार्ड क्षणार्धासाठी आपल्या नेमून दिलेल्या गरजेपेक्षा बरीच अधिक वीज ओढते. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात अशा क्षणिक ओढीचा स्वतंत्र विचार केलेला आहे. शिवाय पेटी जुनी होत जाते तशी तिच्यातील कपॅसिटरची शक्ती घटते.

वॅट जुळले, तरी जोडणी पाहावीच लागते. मदरबोर्डवरील खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यापुढील वीज एसएमपीएसच्या वेगळ्या केबलने द्यावी लागते. सहा पिनांच्या जोडणीतून ७५ वॅट आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट, असे प्रमाण आहे. आवश्यक केबल पेटीत नसेल, तर डिस्कच्या जोडणीवर स्वस्त अडॅप्टर लावून वेळ मारून नेण्याचा सल्ला मिळतो. तो मानू नये. डिस्कची साटा जोडणी १२ व्होल्टवर ५४ वॅटपर्यंतच बनलेली असते. अधिक भार टाकल्यास ती तापून वितळू शकते. तसेच एका कंपनीच्या पेटीची सुटी केबल दुसऱ्या कंपनीच्या पेटीला लावू नये. टोक बसले, तरी आतील तारांचा क्रम निराळा असू शकतो आणि त्यात डिस्क जळते. महागड्या कार्डांवरील १६ पिनांची नवी जोडणी पूर्ण आत बसली आहे याची खात्री करावी. २०२२ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०९० कार्डांच्या अशा जोडण्या वितळल्याचे प्रकार घडले होते.

'८० प्लस'चे चिन्ह वीज किती कमी वाया जाते हे सांगते. ते चांगले लक्षण आहे, परंतु संपूर्ण दर्जाची हमी नव्हे. जादा भार व शॉर्टसर्किट यांपासून संरक्षण आहे काय आणि हमी किती वर्षांची आहे, हेही विचारावे.

पेढीवरील यूपीएसचाही हिशेब बदलतो. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसची खरी क्षमता पुष्कळदा ३६० वॅटच असते. वरील संगणक पूर्ण भारावर ३४५ वॅट वापरू लागला आणि पेटीची कार्यक्षमता ८५ टक्के असली, तर बाहेरून सुमारे ४०५ वॅट ओढले जातील. अशा वेळी वीज गेली, की यूपीएस असूनही संगणक बंद पडेल.

म्हणून कार्डाची रक्कम देण्यापूर्वी आपल्या पेटीच्या लेबलाचे छायाचित्र विक्रेत्यास दाखवावे आणि कार्डाचे नेमके मॉडेल सांगून १२ व्होल्टचे अँपिअर व केबल जुळवून घ्यावे. नवा एसएमपीएस लागणार असेल, तर त्याची किंमत कार्डाच्या खर्चातच धरावी आणि बिलावर त्याचे नाव व मॉडेल लिहून घ्यावे. अंदाजपत्रक तेवढे ताणत नसेल, तर पेटीत काटकसर करण्याऐवजी कमी वीज घेणारे कार्ड निवडावे. आरटीएक्स ४०६० ची गरज ११५ वॅट आहे. जीटीएक्स १६५० तर ७५ वॅटमध्ये भागते आणि तिच्या अनेक प्रकारांना वेगळी केबलही लागत नाही. कोणताही पर्याय निवडला, तरी कॅबिनेट उघडण्याआधी हिशेबाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि मगच संगणकाचा प्लग काढावा.