चावणारी आणि न चावणारी वहाण

मराठीत चप्पल 'चावते'. जनावराचे क्रियापद आपण पायातल्या वस्तूला लावले, आणि ते अचूकही आहे. नव्या वहाणेचा पट्टा कातडी सोलतो, फोड येतो, माणूस लंगडतो. पण पादत्राणांबद्दलची आपली तक्रार या एका क्रियापदापाशीच थांबते. जी चावत नाही ती चांगली, असे आपण गृहीत धरतो. पोटरी हळूहळू आखडवणाऱ्या, तळव्याची कमान थकवणाऱ्या वहाणेसाठी भाषेत सोयीचा शब्द नाही, आणि म्हणून तिच्यावर आरोपही होत नाही.

हा विषय साहित्याच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. विचारावे. आमच्या वर्गातली बरीच मुले-मुली पहाटे धावतात, हे त्याचे साधे उत्तर. वसईच्या मोहिमेत (1737-39) पेशव्यांना साथ देणाऱ्या गंगाजी नाईक अंजूरकरांचे हे गाव. आज अंजूर-माणकोलीच्या पट्ट्यात गोदामांची छपरे पसरली आहेत, आणि कंटेनरांची वर्दळ वाढण्याआधी पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे रस्त्याच्या कडेने धावत असतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800; शारीरिक चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 या एका धावण्याला. नडगी किंवा टाच दुखू लागली की पणाला लागते ती नोकरी.

दुखणे सुरू झाले की संशय जातो धावण्याच्या बुटांवर. पहिल्या पगारातून घेतलेले बूट बदलले जातात, अधिक जाड तळाचे आणले जातात. मात्र धावणे दिवसातून तासभर. उरलेला दिवस मुलगा गोदामात सिमेंटच्या कोब्यावर रबरी स्लीपर घालून उभा असतो. मुलगी कागदासारख्या तळाच्या बेली घालून कॉलेज, बस आणि क्लास करते. या दहा-बारा तासांची चौकशी कोणीच करीत नाही.

वास्तविक कारणमीमांसा फार गूढ नाही. स्लीपरला टाचेमागे पट्टा नसतो, त्यामुळे प्रत्येक पावलाला बोटे आवळून ती धरून ठेवावी लागते. पाऊल आखूड पडते आणि तळव्याचे स्नायू नकळत राबत राहतात. उंच टाचेच्या चपला वर्षानुवर्षे वापरणाऱ्या स्त्रियांच्या पोटरीतले स्नायुतंतू आखूड आणि टाचेमागची शीर ताठ झालेली आढळते, असे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. असा पाय संध्याकाळी सपाट बुटात घालून पळवला, तर ताण टाचेवर आणि तळव्याच्या पट्ट्यावर येणार. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाचेत निघणारी कळ अनेकांच्या परिचयाची आहे. कोल्हापुरीचे चामडे पायाचा आकार घेते खरे, पण तीही मागून मोकळीच. (2025 मध्ये प्राडाच्या निमित्ताने कोल्हापुरीच्या अस्मितेवर आपण पुष्कळ बोललो, तिच्यातल्या पायाबद्दल मात्र अवाक्षर नाही.)

आता 'अनवाणी' या शब्दाकडे. आपल्या कथांत आणि वृत्तपत्रांत हा शब्द आला की एक तर करुणा येते, नाहीतर गौरव. नऊवारी नेसून बारामतीत अनवाणी धावलेल्या लताबाई करे यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हाही त्यांचे अनवाणी बालपण पुन्हा पुन्हा सांगितले गेले. दारिद्र्य खरे होते, त्याला सुशोभित करण्याचे कारण नाही. पण या वर्णनांत पाय हे केवळ प्रतीक राहते, अवयव होत नाही. भारतातच 2300 मुलांची पाहणी करून राव आणि जोसेफ यांनी 1992 मध्ये दाखवले होते, की पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण 8.6 टक्के, तर न वापरणाऱ्यांत 2.8 टक्के होते. आणि बंद बुटांत ते अधिक. सपाट तळवा म्हणजे रोग नव्हे, हे खरेच. तरीही लहानपणी पायात काय होते याचा पायाच्या घडणीशी संबंध असतो, एवढे त्यातून दिसते.

यावरून उद्यापासून बूट फेकून पळावे असा निष्कर्ष कोणी काढू नये. आयुष्यभर जोड्यात वाढलेला पाय एकदम उघडा डांबरावर घातला, तर चवड्याच्या हाडांना सूक्ष्म तडे जाऊ शकतात. बदल महिन्यांच्या हिशेबानेच करावा. माझे मत इतकेच, की बुटांवर चार हजार खर्च करण्यापूर्वी दिवसभराच्या स्लीपरऐवजी टाचेमागे पट्टा असलेली, तळाला थोडी जाडी असलेली सँडल घ्यावी. ती पाच-सहाशेत मिळते. गोदामात कंपनीने दिलेले बूट मापाचे नसतील तर ते बदलून मागावेत. हे मागणे सोपे नाही, कंत्राटी मुलांना तर नाहीच, याची मला कल्पना आहे.

महाविद्यालयांतून भरतीपूर्व मार्गदर्शनाची शिबिरे होतात. तिथे पहिल्या दिवशी मुलांना धावण्याचे बूट घरीच ठेवून रोजच्या वापरातल्या चपला आणायला सांगावे. त्या उलट्या करून पाहिल्या, की टाचेची कोणती कड झिजली आहे आणि डाव्या-उजव्यात किती फरक आहे, हे क्रीडाशिक्षकाला पाच मिनिटांत दिसेल.