विश्लेषण : ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ, पण महागाईच्या हिशेबात हाती किती?

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतील वाड्या-तांड्यांवरची घरे कुलूपबंद होऊ लागतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या वाटेला लागतात. नोकरदाराचा पगार दरवर्षी जुलैत वाढतो, महागाई भत्ता वर्षातून दोनदा बदलतो. या मजुरांचा दर मात्र करार होईल तेव्हाच वाढतो. सध्याचा करार जानेवारी २०२४ मध्ये झाला. तो तीन हंगामांसाठी असून २०२५-२६ चा हंगाम त्यातील शेवटचा. पुढील कराराच्या वेळी पुन्हा ‘किती टक्के?’ हा एकच प्रश्न गाजेल. त्याआधी मागच्या वाढीचा हिशेब मांडायला हवा.

करार कोण करते?

एका बाजूला महाराष्ट्र राज्य सहकारी साखर कारखाना संघ आणि दुसऱ्या बाजूला ऊसतोड कामगार व मुकादमांच्या संघटना अशी ही बोलणी असतात. पूर्वी शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे यांचा लवाद प्रसिद्ध होता. २०१४ मध्ये मुंडे यांचे निधन झाल्यानंतर ती जागा पंकजा मुंडे यांच्याकडे आली. ऑक्टोबर २०२० मध्ये दर १४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला सुमारे २३९ रुपयांवरून २७३ रुपये झाला. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली आणि दर सुमारे ३६६ रुपयांवर गेला. मुकादमाचे कमिशनही एक टक्क्याने वाढून २० टक्के झाले. कामाच्या आणि वाहतुकीच्या प्रकारानुसार दर कमी-जास्त असतात. येथील हिशेबासाठी ३६६ रुपयांचा दर धरला आहे.

३४ टक्के वाढ म्हणजे खरी वाढ किती?

देशातील किरकोळ महागाईचा सरासरी दर २०२१-२२ मध्ये ५.५ टक्के, २०२२-२३ मध्ये ६.७ टक्के आणि २०२३-२४ मध्ये ५.४ टक्के होता. हे दर एकावर एक चढतात. २०२०-२१ मध्ये १०० रुपयांत येणारे सामान घ्यायला २०२३-२४ मध्ये सुमारे ११९ रुपये लागत होते. म्हणजे २७३ रुपयांची जुनी किंमत टिकवायलाच दर ३२४ रुपये व्हायला हवा होता. तो ३६६ झाला. त्यामुळे ३४ टक्क्यांपैकी जवळपास १९ टक्के महागाईची भरपाई आहे. खरी वाढ उरते ती १३ टक्क्यांच्या आसपास.

ही वाढ लहान नाही. त्या तीन वर्षांत अनेक खासगी नोकरदारांच्या वाट्यालाही महागाई वजा जाता एवढी वाढ आली नसेल. पण टक्केवारीत एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे मधली वर्षे.

मधल्या वर्षांत काय झाले?

दर २७३ वर थांबला होता, बाजार थांबला नव्हता. महागाईप्रमाणे दर वाढला असता तर २०२१-२२ च्या हंगामात तो २८८ आणि २०२२-२३ मध्ये ३०७ रुपये झाला असता. पहिल्या वर्षी टनामागे १५ रुपये आणि दुसऱ्या वर्षी ३४ रुपये कमी पडले.

एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ही जोडी दिवसाला दोन टन तोडते आणि हंगामात १२५ दिवस काम करते असे धरू. हंगामात २५० टन होतात. मग पहिल्या वर्षी ३,७५० आणि दुसऱ्या वर्षी ८,५०० रुपये, असे एकूण १२,२५० रुपये एका कोयत्यामागे कमी मिळाले. २०२४ च्या कराराने पुढचा दर सुधारला, हे पैसे परत आले नाहीत. सरकारी कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता जाहीर व्हायला उशीर झाला तर फरकाची रक्कम मिळते. कोयत्याला फरक मिळत नाही.

नव्या दराचेही तेच होते. २०२४-२५ मध्ये महागाई सरासरी ४.६ टक्के होती. त्या हिशेबाने ३६६ चे ३८३ व्हायला हवे होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाईचा दर पाव टक्क्यापर्यंत खाली आला. मात्र दर खाली येणे म्हणजे भाव जुन्या पातळीवर जाणे नव्हे. भाव चढण्याचा वेग तेवढा कमी होतो. शिवाय मजुराच्या खर्चात मोठा वाटा किराणा आणि भाजीचा असतो. २०२३-२४ मध्ये एकूण महागाई ५.४ टक्के असताना अन्नपदार्थांची महागाई ७.५ टक्के होती.

दिवसाला हातात किती पडतात?

२५० टनांचे ३६६ रुपयांप्रमाणे ९१,५०० रुपये होतात. १२५ दिवस आणि दोन माणसे धरली तर माणशी रोज ३६६ रुपये. रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर २०२०-२१ मध्ये २३८ रुपये होता आणि २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये. वरवर पाहता ऊसतोड परवडते. पण रोहयोचा दिवस विश्रांतीसह नऊ तासांचा, म्हणजे तासाला साधारण ३५ रुपये. फडातला दिवस पहाटे सुरू होतो आणि गाडी भरून होईपर्यंत संपत नाही. तो १२ तासांचा धरला तरी तासाला साडेतीस रुपये पडतात. वाढे विकून थोडे वरचे पैसे मिळतात, तर गावाबाहेर राहण्याचा, आजारपणाचा आणि मुलांच्या बुडणाऱ्या शाळेचा खर्च त्यातच येतो.

दुसरा फरक वाढीच्या पद्धतीत आहे. रोहयोचा दर शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेला होता आणि दरवर्षी बदलत होता. उसाचा एफआरपीही केंद्र सरकार दरवर्षी जाहीर करते. २०२०-२१ मध्ये तो क्विंटलला २८५ रुपये होता, २०२५-२६ साठी ३५५ रुपये. ऊस पिकवणाऱ्याचा भाव दरवर्षी ठरतो, ऊस तोडणाऱ्याचा तीन वर्षांनी.

दर वाढला तरी पैसा का दिसत नाही?

त्याचे कारण उचल. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम कुणाच्या लग्नात, कुणाच्या दवाखान्यात, कुणाच्या जुन्या कर्जात जाते. हंगामभराची मजुरी त्यातून वळती होते. तोड कमी झाली तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. एक दिवस काम चुकले तर ‘खाडा’ धरला जातो. त्याचा दंड अनेक ठिकाणी ५०० रुपयांपर्यंत असतो. म्हणजे दिवसाची मजुरी जाते, वर दंड बसतो. दंडाची एक रक्कम म्हणजे सव्वा टनाहून अधिक तोड.

खाड्याची ही धास्ती बीडला ओळखीची आहे. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक महिलांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. दुखणे अंगावर काढण्यामागे आणि कायमचे ‘मिटवण्या’मागे बुडणाऱ्या मजुरीची भीती हे एक कारण होते. दर टनाला किती, याइतकाच आजारी दिवसाचे काय, हाही मजुरीचाच प्रश्न आहे.

कारखान्यांचे म्हणणे काय?

तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून वजा होतो. त्यामुळे मजुरी वाढली की उत्पादकाच्या हाती कमी पडते, असा युक्तिवाद असतो. तो खोटा नाही, पण आकडा पाहावा. दरात चार टक्के वार्षिक वाढ दिली तर टनाला सुमारे १५ रुपये, त्यावर २० टक्के कमिशन धरून १८ रुपये होतात. ३,५५० रुपये टनाच्या एफआरपीत हे अर्धा टक्का आहे. तीन वर्षांनी एकदम ३४ टक्के देण्यापेक्षा हा भार शेतकरी आणि कारखाना दोघांनाही सोसणारा आहे.

दुसरा मुद्दा यंत्राचा. हार्वेस्टरला टनाला मजुरांपेक्षा जास्त दर मिळतो, हा संघटनांचा जुना आक्षेप आहे, आणि यंत्र खरेदीला सरकार अनुदानही देते. यंत्रे वाढणारच. मात्र तोवर हाताने होणाऱ्या तोडीचा दर गोठवून ठेवणे हे त्यावरचे उत्तर नाही.

पुढच्या करारात काय हवे?

टक्केवारीची घासाघीस होईल, ती व्हावीही. पण ‘कोयता बंद’ची हाक, मग बैठक, मग लवाद हा क्रम दर तीन वर्षांनी चालवण्यापेक्षा करारातच एक कलम हवे. मूळ दर तीन वर्षांसाठी ठरावा आणि दर हंगामाच्या सुरुवातीला शेतमजुरांच्या निर्देशांकाप्रमाणे त्यात आपोआप वाढ व्हावी. निर्देशांक दरमहा प्रसिद्ध होतो, हिशेब दहावी झालेल्या मुलालाही जमेल.

त्यासोबत दोन गोष्टी गरजेच्या आहेत. काट्यावरील वजन मजुराच्या मोबाइलवर यावे आणि उचल, वळती, बाकी यांचा लेखी हिशेब त्याच्या हाती असावा. वजनच कळले नाही तर टनाचा दर कितीही असो, वाढ कागदावरच राहते. आजारपणाच्या दिवसाला खाडा लागू नये, हेही करारात लिहिले जावे. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याची तरतूद झालेली आहे. आजारी दिवसाची भरपाई करायला यापेक्षा योग्य निधी दुसरा नाही.

बीडचा मजूर महागाईपेक्षा जास्त मागत नाही असे नव्हे, आणि जास्त मागण्याचा त्याला हक्क आहे. पण निदान महागाईइतकी वाढ मिळवण्यासाठी तरी त्याला दर तीन वर्षांनी कोयता खाली ठेवायला लागू नये.